घड्याळ मागे आहे

"रोहिणी, कवयपासून त्या डबामां मुंडकं घालीसन बठेल शे! काटा चालू व्हई का नही?"

हेमराजभाऊंनी केबिनच्या काचेवर किल्ल्यांचा जुडगा आपटला. वजनकाटा त्यांचा, केबिन त्यांची, काचही त्यांचीच. त्यांच्यामागे मिरचीच्या अकरा गाड्या उभ्या होत्या आणि अकराही हॉर्न एकदम वाजत होते. ओल्या मिरचीच्या ठसक्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रडते आहे असं समजून कोणी दया दाखवील, ही भीती मात्र नव्हती. या काट्यावर माझी दया कोणाला कधी आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कोणाची आलेली नाही.

"दखी ऱ्हायनी मी. काच फुटनी तं तुमनंच नुकसान शे."

"बाईले काटावर बठाडं म्हणीसन हाई येळ उनी!" मागून एक ड्रायव्हर ओरडला. चौदा वर्षं हे ऐकते आहे. काटा सुरळीत चालतो तेव्हा कोणी येऊन म्हणत नाही की बाई आहे म्हणून चालतो.

संगणक जुना आहे. विकतची सिस्टिम त्याला पेलवेना, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी मी त्याच्यासाठी स्वतः सिस्टिम बांधली. लिनक्स नावाच्या सिस्टिमचा कोड इंटरनेटवर फुकट मिळतो, कोणीही उघडून बघावा. एकेक तुकडा आणून, जोडून, फसून, पुन्हा जोडून सात महिने गेले. गाणी, चित्रं, खेळ काही ठेवलं नाही. फक्त काटा आणि पावती. इंग्रजी सूचना वाचून माझंच डोकं फिरायचं, म्हणून सुरू होतानाचे निरोप अहिराणीत लिहिले. काही बिघडलं की मशीन घरच्यासारखं बोलतं. फुकटात काम झालं म्हणून हेमराजभाऊ तेव्हा खूश होते.

आज मात्र मशीन अर्ध्यातच थांबलं होतं. आधी वाटलं, वायर सैल झाली. वायर ठीक होती. मग डिस्कवर संशय घेतला. दुरुस्तीच्या वाटेने आत शिरून डिस्क तपासली, तीही धडधाकट. पुन्हा नीट सुरू करून बघितलं आणि निरोप भरभर वर सरकत असताना हाताने थांबवून वाचला.

'घड्याय मांगे शे. मी उठत नही.'

ही अट माझीच. तीन वर्षांपूर्वी आतला बटणसेल संपला, तारीख घसरली आणि दिवसभराच्या पावत्या चुकीच्या तारखेने फाटल्या. शिव्या मी खाल्ल्या. त्यानंतर मी लिहून ठेवलं, की घड्याळ शेवटच्या वजनाच्या वेळेपेक्षा मागे असेल तर सुरूच व्हायचं नाही.

म्हणजे पुन्हा सेल गेला, असं म्हणून मी तारीख बघितली. आज तेवीस जानेवारी. मशीनमध्ये चौदा होती.

सेल मेला की तारीख थेट मशीन बनलं त्या सालात जाऊन पडते. मोजून नऊ दिवस मागे येत नाही. आणि नेमकी संक्रांतीवर तर नाहीच नाही. हे कोणाच्या तरी हाताचं काम होतं.

संक्रांतीच्या सकाळी हेमराजभाऊंचा टेम्पो काट्यावर आला होता. तीन टनांच्या गाडीत साडेपाच टन मिरची, आणि पोत्यांवर तोडणीच्या सहा बाया. "भाऊ, जास्त शे," मी म्हटलं होतं. "तू आकडा लिख, मन्ही गाडी मी दखसू," ते म्हणाले होते. मी पावती फाडून दिली. तासाभरात धानोरा रस्त्याच्या वळणावर टेम्पो कलंडला. पाच बाया वाचल्या. कालीबाई पोत्यांखाली गेली. तिचा नवरा आमशा सकाळपासून काट्याबाहेरच्या नळाजवळ उभा होता. दुपारी पोलीस काट्यावर चौकशीला येणार, एवढंच त्याला कळलं होतं.

मी दार उघडून हेमराजभाऊंना आत घेतलं आणि दार लावलं.

"तारीख कोन्ही बदली?"

"मी बदली. आज पहाटले. मन्हं मशीन शे, तुले काय?" त्यांनी आवाज खाली आणला. "चौदा तारखेनी एक पावती काढानी शे. त्या टेम्पोनी. दोन टन नऊशे किलो लिख. जुनी मी फाडी टाकी."

"मशीन उठत नही तश्या तारखेवर."

"ती अट तूच टाकेल शे ना? तूच काढ. एक ओळ तं शे!"

एकच ओळ होती, हे खरं. पुसायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी स्क्रीनकडे बघत बसले. त्या माणसाचा इतका संताप आला होता की किल्ल्यांचा जुडगा हिसकून त्यांच्याच तोंडावर मारावासा वाटत होता. त्याहून जास्त संताप माझा मला आला होता. साडेपाचचा आकडा मी डोळ्यांनी बघितला होता, आणि त्या पावतीवर वजन करणारी म्हणून माझंच नाव छापलेलं होतं.

"मी काढत नही," मी म्हटलं.

"घर कसं चालस तुन्हं? कोन देस तुले पगार?"

"तुम्ही देतस."

"मंग उद्यापासून येऊ नको."

"बरं. आज तं बठेल शे ना मी."

मी घड्याळात तेवीस जानेवारी घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. निरोप सरसर वर गेले, कुठेही अडले नाहीत, आणि काट्याचं हिरवं शून्य उमटलं. मी दार सताड उघडून ओरडले, "काटा चालू जाया! पहिली गाडी लया!" अकरा ड्रायव्हर एकदम हलले. त्या गोंधळात हेमराजभाऊ नुसते माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात इतक्या वाईट नजरेने माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही.

गाडी चढेपर्यंत मी संक्रांतीची ती जुनी नोंद काढली आणि दोनदा छापली. एक प्रत पोलिसासाठी ड्रॉवरमध्ये ठेवली. दुसरी घेऊन नळाजवळ गेले.

"हाई ठेव. त्या दिननी पावती शे. कोनले दिऊ नको. पोलिसले दखाड, पन हातमां दिऊ नको."

आमशाने कागद दोन्ही हातांनी धरला. त्याला वाचता येत नव्हतं. अहिराणीही तो अडखळतच बोलायचा.

"बाई, काट्यावर गाडी उनी तवय कालीबाई वरच बठेल व्हती ना?"

"हां."

"मंग ह्या वजनमां ती बी शे?"

"शे," मी म्हटलं.

"कितली?"

"तितलं येगळं निंघत नही, दादा."

त्याने मान हलवली, कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या आत घातली.

मी मागे वळले. पहिली गाडी काट्यावर चढत होती आणि पोत्यांवर चार बाया तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या. मी केबिनमध्ये गेले नाही. गाडीसमोर जाऊन उभी राहिले.

"उतरा. समद्या खाले उतरा."

"वो बाई, येळ जाई ऱ्हायना!" ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. मागच्या दहांनीही दाबला.

चौथी बाई वयाने मोठी होती, तिला उतरायला वेळ लागला. मी हात पुढे केला. तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत मी गाडीसमोरून हलले नाही.