उंदीरखाऊ साहेबाची माफी

किटवे शहरातल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेनं अंग भाजून निघायचं. पण कामाची पाळी संपेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही, असा मुकादम जेरेसाहेबांचा हुकूम. का? तर बायका पाणी पितात आणि मग मोरीवर जातात! माणसाला तहान लागते, हे या गृहस्थाला कुणी शिकवलंच नव्हतं.

मंगळवारी त्यांतल्या न्कांदूनं नळाला तोंड लावलं. साहेब खेकसले, "ए पाणघोडे!"

"पाणघोडीलाही तहान लागते, साहेब," ती म्हणाली.

झालं! शुक्रवारी हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी माग, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. घरात कमावती ती एकटी. नोकरी सोडायची सोय नव्हती, आणि असं नाक घासून पुन्हा इथं उभं राहायचं म्हणजे मेल्याहून मेलं.

गुरुवारी बॉयलरवाल्या तेंबोकाकांनी तिला हटकलं, "काय गं माकडखाऊ, तोंड का उतरलंय?"

"तुम्ही उंदीरखाऊ जगू द्याल तर ना!" ती सवयीनं म्हणाली आणि थबकली. ती बेंबा, म्हणजे माकडखाऊ; काका न्गोनी, म्हणजे उंदीरखाऊ. या दोन जमाती पूर्वी लढल्या, तेव्हापासून त्यांच्यात थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणावं, मयताच्या घरीसुद्धा वाट्टेल ते बोलावं. चिडला तो हरला. फक्त साहेबाशी असं बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"काका, जेरेसाहेबही न्गोनीच ना?"

काका गालात हसले. "अस्सल! उद्या हजेरीला मीही येतो."

शुक्रवारी न्कांदूनं गुडघे टेकले, मान देण्याच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. "चुकले रे माझ्या गुलामा! उंदराचं बिळातल्या ओलीवर भागतं, हे विसरलेच. आम्हा माणसांना नळ लागतो!"

साहेब भडकले. "हे काय बोलणं—"

"जेरे!" मागून काका गरजले. "बेंबाच्या थट्टेवर चिडलास, तर गावी आपल्या लोकांत तोंड दाखवायची सोय राहणार नाही!"

साहेबांनी काकांकडं पाहिलं. ओठ थरथरले आणि शेवटी हसू फुटलंच. "ऊठ, माकडखाऊ! नदी पी हवी तर!"

"बादली पुरे. आणि एक बाकडं."

"बाकडंही?"

"मालकिणीला उभं ठेवतोस होय रे?"

धुलाईघर हसून लोळलं. दुपारपर्यंत बादली आली, बाकडंही आलं.

त्यावर टेकत तिच्या जोडीची नामासिकू म्हणाली, "तुझं बरंय बाई. आम्हा लोझींचं थट्टेचं नातं टोंगांशी, आणि इथं टोंगा साहेब एकही नाही. माझा रजेचा अर्ज तीन आठवडे जेरेसाहेबांच्या खणात कुजतोय."

"हक्काची रजा मागायलासुद्धा नातं लागतं, थू असल्या कारभारावर!" न्कांदू उठली. "किती दिवस हवेत?"

"दोन."

"चार मागते," म्हणत तिनं साहेबांचं दार ढकललं.