वास गेलेली खोली

नवऱ्याच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या, खोलीतला वास घालवायचाच, असं कुमुदने ठरवलं तेव्हा देविकाला सातवा महिना सरत होता. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपली रीत, त्यात कुणी तोंड घालायचं कारण नव्हतं. पण जावई नोएडाहून आला, सोफ्याच्या कडेला अवघडून बसला आणि म्हणाला, "आई, राग मानू नका. त्या खोलीत बाळाला नाही ठेवता येणार. बाबा इतकी वर्षं तिथे स्मोक करतायत, भिंतींना वास येतो. मला तो वास आला ना, तर मी दोघांना त्याच दिवशी घरी घेऊन जाईन."

अनुराग खरं बोलत होता, म्हणूनच कुमुदला ते झोंबलं. भाऊसाहेब मिनिस्ट्रीतून निवृत्त झाले, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सुटलं, गुरुग्रामच्या या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि नव्या कोऱ्या खोलीत या गृहस्थांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर खिडकीशी खुर्ची ओढून सिगरेट पेटवली. ती त्यानंतर कधी विझली असं कुमुदला वाटलंच नाही. घरात खोल्या दोनच, आणि बाथरूम जोडलेली तेवढी एकच. बाळंतीण दुसरीकडे ठेवणार कुठे?

तिने कंबर कसली. भाऊसाहेबांची रवानगी बाल्कनीत झाली. पडदे आणि गादी रद्दीवाल्याबरोबर गेली. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने तिने भिंती पुसायला घेतल्या, तर चहासारखे तांबडे ओघळ खाली आले. पंख्याची पाती, बल्ब, स्विचबोर्ड, कपाटाची आतली बाजू, जिथे हात लावावा तिथे तोच चिकट थर. एसी उघडून धुवून घेतला. कोपऱ्याकोपऱ्यात व्हिनेगरच्या आणि खायच्या सोड्याच्या वाट्या मांडल्या. वरून रंगाचे दोन हात दिले. तरी सकाळी दार उघडलं की तो वास हजर, घरच्या माणसासारखा.

मग तिच्या लक्षात आलं की हा जुना वास नव्हे, ताजा आहे. खोलीची खिडकी बाल्कनीला लागून. भाऊसाहेब तिथे झुरका मारायचे आणि धूर फटीतून परत आपल्या घरी यायचा. दिवाळीनंतर दिल्लीत खिडकी उघडायची सोय तशीही नसते. तिने खिडकीच्या चारही कडांना फोम लावला, त्यावर रुंद टेप चिकटवली, एसीच्या पाइपाचं भोक बुजवलं, बाथरूमच्या एक्झॉस्टवर पुठ्ठा ठोकला आणि दाराखाली रबराची पट्टी मारून घेतली. दार लावलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

अनुराग पुन्हा आला, नाक वर करून खोलीभर फिरला, उशीसुद्धा हुंगून पाहिली. "कमाल आहे, आई! बिल्कुल वास नाही." त्याने खूश होऊन हवा शुद्ध करायचं एक महागडं यंत्र आणून कोपऱ्यात ठेवलं. कुमुदचा जीव भांड्यात पडला. जावयाच्या नाकाने पास केलेली खोली! माणसाने आपल्या नाकावर एवढा भरवसा ठेवू नये, पण हे त्या आनंदात कुणाला सुचणार?

डिसेंबरात मुलगा झाला. गोरा, डोक्यावर भरपूर जावळ, आणि रडायला लागला की शेजारचे दार ठोठावतील असा आवाज. कुमुदने भाऊसाहेबांना नियम घालून दिला: सिगरेट ओढलीत की हात धुवायचे, चूळ भरायची, हॉलमधल्या बाथरूमबाहेरच्या खुंटीवरचा धुतलेला कुर्ता घालायचा, आणि तरीही बराच वेळ त्या दाराकडे फिरकायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर फायलींवर शेरे मारले, तो एक शब्द न बोलता हे पाळू लागला. नातवासाठी तो काहीही पाळायला तयार होता, फक्त सिगरेट तेवढी सुटत नव्हती.

आता बाळंतीण म्हटली की शेक आला, धुरी आली. खाली झाडाखाली कोळशाची इस्त्री करणारा बसायचा, त्याच्याकडून कुमुद कोळसा आणायची. गॅसवर फुलवून शेगडीत घालायची. अंघोळीनंतर निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकून देविकाला शेकायची, बाळाला त्या धुरावरून अलगद फिरवायची.

"आई, यार, सिगरेटचा धूर नको आणि हा चालतो?" देविका हसायची.

"तो विषारी, हा औषधी. आमच्या सगळ्यांची बाळं यावरच वाढली."

हे खरंच होतं. पण ती बाळं वाढली ती कौलांच्या, फटींच्या घरांत, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ओव्याच्या धुराने यंत्रावरचा दिवा लाल व्हायचा, थोड्या वेळाने धूर विरला की हिरवा. हिरवा दिवा दिसला की कुमुद निर्धास्त व्हायची. मग ती शेगडी उचलून बाल्कनीत नेऊन ठेवायची.

"डोकं जड झालंय गं," देविका एकदा म्हणाली.

"जागरण आहे ते. तो झोपला की तूही झोपत जा."

त्या दिवशी धुकं असं होतं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. धुरी झाली, दिवा हिरवा झाला. बाळाचे गाल लालचुटुक दिसत होते, कुमुदने बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. शेगडी उचलायला वाकली आणि दार किलकिलं करताच तिला तो वास आला. हॉलच्या पलीकडे बाल्कनीचं दार अर्धवट उघडं, आणि भाऊसाहेब पाठमोरे बसून झुरके घेत होते. धुक्याने धूर वर जाऊ देईना, सगळा आत येत होता. संध्याकाळी अनुराग येणार होता.

कुमुदचा संताप संताप झाला. तिने झटकन दार ओढून घेतलं. निखारे अजून लाल होते. राहू दे, तिने स्वतःशी म्हटलं, थंडी केवढी आहे, खोली उबदार राहील. दार उघडून तो घाणेरडा वास आत कशाला घ्यायचा? देविकाचे डोळे मिटत आले होते. कुमुदने दोघांवर दुलई सारखी केली, बाहेर येऊन घट्ट दार लावलं आणि नवऱ्याला चार शब्द सुनावले.

"मी डिंक आणि खारका आणायला जातेय. तुम्ही आत जायचं नाही. काही झालं तरी नाही. समजलं?"

"समजलं," भाऊसाहेब म्हणाले आणि सिगरेट विझवून हात धुवायला गेले.

बाजारात गर्दी होती, येताना धुक्यात ऑटो रखडली. कुमुद परतली तेव्हा भाऊसाहेब खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसले होते. अंगावर खुंटीवरचा कुर्ता, केस ओले करून विंचरलेले. शाळकरी पोरासारखा त्यांचा चेहरा खुलला.

"छान झोपलेत दोघं. मघाशी बाळ थोडं कुरकुरलं, देवूला हाक मारली मी बाहेरून. मग तोही गप्प झाला. मी आत नाही गेलो हं. दाराला हातसुद्धा नाही लावला."

किती दिवसांनी तिला या माणसाचं कौतुक वाटलं! ती हसली आणि दार उघडलं. आत ऊब होती, हिरवा दिवा होता. देविका कुशीवर होती, उशीवर तिला उलटी झालेली होती आणि ती त्यातच गाल टेकून पडली होती. बाळाचे गाल अजून तसेच लाल होते. कुमुदने त्याला उचललं तर मान मागे लोंबली.

तिच्या किंकाळीने भाऊसाहेब आत धावले, नियम मोडून, पहिल्यांदाच. त्यांनी स्टुलाने खिडकीची काच फोडली. नातवाला छातीशी धरून ते बाल्कनीत धावले आणि त्या घाणेरड्या धुक्यात त्याला हलवत राहिले, "रड रे राजा, रड ना." कुमुद लेकीला फरफटत दाराकडे ओढत होती.

हॉस्पिटलात अनुराग धावत आला तोवर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या. "कमरे में क्या जल रहा था?" त्यांनी विचारलं.

अनुराग गर्रकन सासऱ्यांकडे वळला. "बाबा, तुम्ही तिथे..." भाऊसाहेबांनी मान खाली घातली. त्यांना इतक्या वर्षांची सवय होती.

"नहीं नहीं, इन्होंने नहीं," कुमुद घाईघाईने म्हणाली. "कमरे में तो कुछ भी नहीं था, डॉक्टर साहब. ज़रा भी स्मेल नहीं आती वहाँ. आप आकर देख लीजिए. बस, सिगड़ी रखी थी, बच्चे के लिए."

"कोयले की गैस में कोई स्मेल नहीं होती, माताजी. कमरा बंद था?"

"हाँ. मैंने खुद बंद किया था." तिने आपल्या हातांकडे पाहिलं.

"बेटी बच जाएगी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि कुमुदने विचारलं नाही.