चेहऱ्याची डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. अंगणातला नव्हे, चित्रपटाच्या सेटवरचा. पोटात भलामोठा बल्ब, तोंडावर जाड भिंग आणि चार बाजूंना पत्र्याच्या झडपा. पेटलो की असा तापतो की हातमोज्यांशिवाय मला कुणी शिवत नाही. कारखान्यातून आलो तेव्हा मला वाटायचे, अंधार पळवणे एवढेच आपले काम. तो गैरसमज एका बाईंच्या सोबतीने दूर झाला.

या बाई आधी शाळेत चित्रकला शिकवत. आता त्या आमच्या छायालेखकांकडे, म्हणजे अण्णांकडे, प्रकाशयोजना शिकायला आल्या होत्या. पहिल्याच दिवशी अण्णांनी स्टुलावर एक पांढरा चेंडू ठेवला आणि तो गोल करून दाखवायला सांगितले. बाईंना वाटले, थट्टाच चालली आहे. त्यांनी मला समोर उभे करून पेटवले, तर चेंडू कागदाच्या चकतीसारखा चपटा दिसू लागला! मग त्यांनी मला हळूहळू बाजूला सरकवले. चेंडूच्या एका अंगाला सावली उतरली आणि तो गरगरीत झाला. मी थक्क झालो. जिथे माझा उजेड पोचत नव्हता, तिथूनच त्याला गोलाई येत होती.

सावलीच्या बाजूला अण्णांनी थर्माकोलचा पांढरा तक्ता धरला. माझाच उजेड त्यावर आपटून मऊ होऊन परतला. शेवटी मागून एक धाकटा दिवा लावला, तशी चेंडूच्या कडेला रुपेरी रेघ उमटली आणि तो काळ्या पडद्यापासून सुटून पुढे आला.

पुढे बाई स्वतंत्रपणे दिवे लावू लागल्या. तेव्हा एका चित्रपटासाठी माई आल्या. माई नावाजलेल्या अभिनेत्री, पण नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठलेल्या. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती, ओठाचा कोपरा ओघळला होता. दूरदेशी निघालेल्या मुलीला आई निरोप देते, असा प्रसंग होता. दिग्दर्शकांनी बाईंना सांगितले, समोरून भरपूर उजेड ओता, म्हणजे काही कळणार नाही. बाईंनी मन मारून तसे केले. माईंनी कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर स्वतःचा चकतीसारखा चपटा चेहरा पाहिला, शाल उचलली आणि दाराकडे निघाल्या.

बाई मागोमाग गेल्या. थोडा वेळ बसा, एवढीच विनवणी त्यांनी केली. मग त्यांनी मला माईंच्या उजव्या अंगाला नेले, झडपा आवळल्या, तक्ता लांब ठेवला आणि मागचा दिवा पांढऱ्या केसांवर सोडला. डावा गाल सावलीत विसावला.

माईंनी पुन्हा त्या छोट्या पडद्यावर पाहिले. "लपवलंस होय गं?"

"लपवलं नाही, माई. सावलीत ठेवलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा उजेडात या."

चित्रीकरण सुरू झाले. "जा, सुखात राहा," असे माई म्हणाल्या आणि ठरलेले नसताना त्यांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. तो डावा गाल, तो ओघळलेला ओठ, सगळे माझ्या उजेडात आले, थेट कॅमेऱ्यासमोर. ओठाचा तो कोपरा हसायला धडपडत होता. इतके सुंदर काही माझ्या उजेडात कधी आले नव्हते. दिग्दर्शक 'कट' म्हणायचे विसरले. कॅमेऱ्यामागे उभ्या अण्णांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आता न तापणारे, पातळ, हलके दिवे आले आहेत. मी कोठारात पडून आहे. झडपांत कोळ्याने संसार थाटला आहे. नव्यांचा मला राग नाही. त्यांनाही बाजूला सरकवणारे कुणीतरी लागतेच.

मित्रांनो, कधी कोठारात आलात तर माझ्या भिंगावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. आणि कुणावर उजेड टाकाल, तेव्हा तो एकदम तोंडावर मारू नका. थोडे बाजूला उभे राहा. त्याची त्याला मान वळवू द्या.