किल्लीवाल्याचा वकील

किल्लीवाल्याला पोलिसांनी नेलं ते त्याच्या दुकानातूनच. झालं होतं असं, की एक नीटनेटका माणूस त्याच्याकडे आला, "किल्ली आत राहिली" म्हणाला, आणि याने जाऊन दार उघडून दिलं. दार त्या माणसाचं नव्हतंच. घरातले दागिने गेले, माणूस गेला, आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यात राहिला तो आपला किल्लीवाला, दारापुढे उकिडवा बसलेला.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण चौकीत साहेबांनी विचारलं, "इतकं भारी कुलूप न तोडता उघडतंच कसं?" दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. याला वाटलं, आपण कसबी आहोत, चोर नाही, हे दाखवायची हीच वेळ. त्याने साहेबांच्याच कपाटाचं कुलूप मागून घेतलं आणि दोन तारांनी बोलता बोलता उघडून दिलं. वर म्हणाला, "बघा, ओरखडासुद्धा नाही." साहेबांनी लगेच सगळं लिहून घेतलं.

जामिनाची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती, आणि अजून वकील ठरला नव्हता. घरातली शिल्लक एकाच वकिलाला पुरेल एवढी. निवड चुकली तर नवरा आत आणि हात रिकामे, हे किल्लीवाल्याची बायको ओळखून होती. सोबतीला सासरे होते. दुकान मुळात त्यांचंच. नजर अधू झाल्यावर त्यांनी ते मुलाच्या हाती दिलं होतं.

पहिल्या वकिलांचं ऑफिस काचेचं आणि गारठवणारं. भिंतीवर बड्या लोकांशी हात मिळवतानाचे फोटो. वकिलांनी चौकीतली गोष्ट निम्मी ऐकली आणि हात उडवला. "ते मी सांभाळतो. निम्मी फी आज, निम्मी तो बाहेर आल्यावर. नाही आला तर दुसरी निम्मी सोडून देईन."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. जन्मभर त्यांनी असाच धंदा केला होता. कुलूप उघडलं तर पैसे, नाही उघडलं तर हात हलवत परत.

"आणि तो बाहेर आला, की केस संपली ना?" सुनेने विचारलं.

वकिलांनी मोबाइलमधून मान वर केली. "ताई, आधी बाहेर तर येऊ दे. पुढचं पुढे बघू."

"पुढच्याचे पैसे वेगळे का?"

"कशाला काळजी करता? मी आहे ना."

जिना उतरताना सासरे म्हणाले, "हा आपल्यातला माणूस. काम झालं तर पैसे."

"अण्णा, त्यांनी पोलिसांचा कागद उघडूनसुद्धा बघितला नाही."

"मोठी माणसं अशीच असतात. डॉक्टर तरी आता कुठे नाडी बघतात?"

"निदान जीभ बाहेर काढायला तरी लावतात."

दुसरं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत होतं. वकीलबाईंनी कागद दोनदा वाचला आणि प्रश्न सुरू केले. गिऱ्हाईक चालत आलं की फोन करून? दार उघडल्यावर हा आत गेला का? दागिने गेले तेव्हा कुठे होता?

"दुकानात. मी डबा घेऊन गेले होते."

"तुमच्याखेरीज कोणी पाहिलं?"

"समोरचा चपलांचा दुकानदार. त्याच्याशी भांडण चाललं होतं."

"वा. भांडणाचा साक्षीदार चांगला असतो, विसरत नाही. आणि चौकीत हा काही बोलला?"

सुनेने मान खाली घातली. सासरे ताठ बसून म्हणाले, "बोलला नाही. करून दाखवलं."

सगळं ऐकून वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"सोडवाल ना?" सुनेने विचारलं.

"ते न्यायाधीश ठरवतील. माझं काम मी नीट करीन, एवढंच सांगू शकते. आज फक्त जामिनाचे पैसे द्या. पोलीस आरोपपत्र देतील तेव्हा त्या कामाचे वेगळे, साक्षी सुरू झाल्या की त्याचे वेगळे. लांबेल हे सगळं. मधे माझं काम पटलं नाही, तर कागद घेऊन दुसरीकडे जा, मी अडवणार नाही."

"आणि काम फसलं तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"तरी घेतलेले पैसे माझेच."

सासरे उठून उभे राहिले. "ही काय रीत झाली? कुलूप उघडलं नाही तरी मजुरी?"

"कुलूप तुमच्या हातात असतं, आजोबा. निकाल माझ्या हातात नसतो. आहे म्हणणाऱ्यापासून जरा जपून राहा."

रस्त्यावर आल्यावर दोघं बराच वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. खरं सांगायचं तर सुनेलाही पहिल्या वकिलांकडेच जावंसं वाटत होतं. तिथून निघताना छाती हलकी झाली होती. इथून निघताना तिच्यावर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. पण तिला मनातून कळत होतं, की तिथे आपल्याला फक्त धीर मिळाला.

"अण्णा, तुम्ही कुलूप न बघता भाव सांगता का?"

"वेडी का काय तू? आत काय निघेल सांगता येतं का?" म्हातारा बोलून गेला आणि थांबला. मग काठी टेकत उठला. "तू वकील झाली असतीस तर स्वस्तात पडलं असतं. चल, बाईंकडे वर चल."

सुनावणीआधी वकीलबाईंनी किल्लीवाल्याला बजावलं, की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. सरकारी वकील उभे राहिले. "भली भली कुलपं या माणसापुढे टिकत नाहीत. पोलिसांच्या डोळ्यांदेखत त्याने कपाट उघडलं. हा बाहेर राहिला तर एकही घर सुरक्षित नाही."

पिंजऱ्यात किल्लीवाल्याच्या ओठांवर हसू उमटलं. स्तुती ती स्तुतीच. बायकोने ते पाहिलं. न्यायाधीशांनीही पाहिलं असेल का?

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "चोर आपलं कसब लपवतो. याला ते लपवता येत नाही, हे आत्ताही दिसतंय. हा बढाईखोर आहे, साहेब. पण बढाई मारणं हा गुन्हा नाही." मग त्यांनी चपलांच्या दुकानदाराचं लेखी म्हणणं पुढे ठेवलं.

न्यायाधीश बराच वेळ वाचत होते. अखेर जामीन मिळाला, पण अटीवर: केसचा निकाल लागेपर्यंत त्याने कोणाचंही कुलूप उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा किल्लीवाला मागे स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसला होता. आरोपपत्राच्या वेळचे पैसे आता कुठून आणायचे, याचा हिशेब तिघांच्याही डोक्यात चालू होता. तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. "किल्ली आत राहिली हो. लवकर चला."

किल्लीवाला अर्धवट उठला. बायकोने नुसतं बघितलं. तो खाली बसला.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि अवजारांची पिशवी खांद्याला लावली. सून त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"घर तुमचंच ना?" तिने माणसाला विचारलं. "शेजारी कोण राहतं? आधी त्यांची बेल वाजवायची. त्यांनी तुम्हाला ओळखलं तर आमचे अण्णा दाराला हात लावतील."

"अहो बाई, गॅसवर दूध ठेवलंय."

"मग लवकर चला," ती म्हणाली, आणि सासऱ्यांचा हात धरून त्याच्यामागे निघाली.