एकाच रंगाचे रस्ते

हवामान कार्यालयात तिला सगळे नकाशावाली म्हणत. अतिवृष्टीत कोणते रस्ते पाण्याखाली गेले, हे ती दर पंधरा मिनिटांनी नकाशावर दाखवायची. बुडालेला लाल, मोकळा हिरवा. या रंगांवरून साहेबांशी तिचं तीनदा वाजलं होतं.

‘काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, साहेब. माझ्या दादालाच कळत नाही.’

‘लाल म्हणजे धोका, हे शेंबड्या पोरालाही कळतं,’ साहेब हसून म्हणाले. तिसऱ्या वेळी तिने नाद सोडला.

मंगळवारी दुपारी दादाने पाव पोचवायची व्हॅन पुलाखालच्या रस्त्यात घातली. बघता बघता पाणी खिडकीपर्यंत चढलं. काच फोडून तो टपावर चढला आणि तिथून भिंतीवर उडी मारताना गुडघा मोडून बसला.

इस्पितळात ती आधी त्याच्यावरच उखडली. ‘डोळे फुटले होते का तुझे?’ बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली.

‘तुझाच नकाशा बघून गेलो, छोटे,’ दादा म्हणाला. ‘सगळे रस्ते मातकट दिसत होते. म्हटलं, बुडालेला असता तर वेगळा दिसला असता.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच तिच्या अंगाची आग आग झाली.

ती तडक कार्यालयात आली, दुपारचा नकाशा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला आणि भर बैठकीत साहेबांपुढे आपटला.

‘बुडालेला रस्ता दाखवा.’

‘हा काय पोरखेळ लावलाय?’

‘बोट ठेवा, साहेब.’

साहेबांनी चष्मा पुसला, कागद उलटसुलट फिरवला. सगळे रस्ते सारखेच राखाडी. शेवटी एकावर बोट टेकवलं.

‘हा कोरडा होता. बुडालेला त्याच्या शेजारचा. माझा भाऊ त्यातच शिरला.’



संध्याकाळपर्यंत बुडालेले रस्ते गडद निळे झाले, त्यांवर जाड तिरप्या रेघा आल्या. मोकळे फिकट पिवळे. साहेबांनी मुकाट्याने सही केली आणि पत्रकारांना मात्र सांगितलं, ‘हे आमच्या कधीपासून डोक्यात होतं.’ शेजारी उभी राहून तिने दातओठ खाल्ले.

त्याच आठवड्यात बेकरीच्या मालकाने दादाच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला. कळल्याबरोबर तिने दादाच्या खाटेशेजारी बसूनच मालकाला फोन लावला आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. एरवी तिला गप्प करणारा दादा शेवटपर्यंत ऐकत राहिला.