शेखर येऊन गेला

“वहिनी, दादाच्या ताटात अजून एक रोडगा टाका! पाहून काय राह्यल्या? माणूस उपाशी उठून राह्यला ना!”

आंब्याखालून शेखर असा काही ओरडला, की पंगतीतल्या तीस-पस्तीस माणसांनी माना वळवून हिंमतरावांच्या ताटाकडे पाहिलं. ताटातला पहिलाच रोडगा अजून संपला नव्हता. त्याचा एक कोपरा कुस्करून त्यांनी वरणात भिजत घातला होता आणि वरचं वरण तेवढं घोट घोट घेत होते. प्रत्येक घोटाला त्यांची मान किंचित डावीकडे वाकायची. कोणाच्या ध्यानात यावं असं त्यात काही नव्हतं. छायाच्या मात्र येत होतं.

“त्यायले पित्त झालं, भाऊजी,” ती म्हणाली. “राहू द्या.”

“पित्त? दादाले?” शेखर पंगतीकडे वळून हसला. “हा माणूस एका बैठकीत सात रोडगे हाणत होता, विचारा कोणालेही! आता वहिनीनं त्याले चमच्यानं वरण प्यायले लावलं!”

सगळे हसले. हिंमतरावही हसले. त्यांच्या हसण्याचा आवाज आला नाही, पण एवढ्या गलक्यात तो येत नाही हे तरी कोणाला कळणार?

खरं तर मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, गोवऱ्यांच्या आरावर कोणी रोडगे भाजत नाही. ते थंडीतलं काम. पण शेखरला रजा मिळायची ती मे-जूनमध्येच. तो न्यूझीलंडात सातशे गायींचा गोठा सांभाळायचा आणि तिकडच्या गायी याच दिवसांत आटायच्या. अकरा वर्षांनी आला होता, तेरा दिवसांसाठी, बायको-पोरांना मागे ठेवून एकटाच. आल्या दिवशी अंगणात बॅग टाकून तो आईच्या फोटोपुढे लेकरासारखा रडला, मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “रोडगे कव्हा करून राह्यलो आपण?” तेव्हापासून घराला दम खायला फुरसत नव्हती. सकाळी कोणाच्या घरी चहा, दुपारी कोणाकडे आंब्याचा रस, संध्याकाळी ओट्यावर मैफल. लोणारातली पोरं आता टीव्हीवरल्यासारखं बोलायला लागली होती. शेखरच्या तोंडात मात्र अकरा वर्षांपूर्वीची बोली जशीच्या तशी राहिली होती, आणि ती तो अशी उधळत होता, जणू परत नेली तर विमानतळावर जप्त होईल.

हिंमतराव त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. बाप गेला तेव्हा शेखर नऊ वर्षांचा होता. हिंमतरावांनीच त्याला वाढवलं आणि अकोल्याला शेतकी शिकायला पाठवलं. स्वतः एसटीत लागले. गेली तीस वर्षं ते लोणारच्या बसस्थानकावर कंट्रोलर होते. म्हणजे गाड्यांच्या वेळा लिहायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कुरबुरी मिटवायच्या आणि माईकवर गाड्या पुकारायच्या. त्यांचा आवाज भारदस्त आणि स्वच्छ. एकदा सुलतानपूरच्या एका लग्नात, “जरा सरका, वाट द्या” एवढंच ते म्हणाले, तर एका म्हातारीने वळून विचारलं, “मेहकरची गाडी लागली का हो?”

जानेवारीत तो आवाज बसला. खोकल्याचं औषध झालं, काढे झाले, गरम पाणी झालं. मार्चमध्ये नागपूरच्या दवाखान्यात घशात नळी घालून तुकडा काढला आणि आठ दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “स्वरयंत्रावर गाठ आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र राहील. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.”

तपासण्या होता होता ऑपरेशनची तारीख मिळाली ती वीस मेची. शेखर यायचा होता अठराला.

“पुढं ढकलता येईल का, साहेब?” हिंमतरावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. “घरी पाहुणा येऊन राह्यला.”

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. “पाहुणा? अहो, ही गाठ आहे. ती पाहुण्यासाठी थांबत नाही.”

तरी त्यांनी दोन जून मागून घेतली. बाहेर येऊन छाया पायरीवरच बसली. “भाऊजीले फोन करा. येतील ना ते, समजून घेतील. नाहीतर मी सांगतो.”

“अकरा वर्षांनी येऊन राह्यला,” हिंमतराव म्हणाले. “तेरा दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसवू का त्याले?”

छायाने फाईल पिशवीत घातली आणि ती उठली.

रोडग्यांनंतर तिसऱ्या दिवशी शेखर बसस्थानकावर येऊन थडकला. हिंमतराव हजेरीच्या कागदावर वाकलेले. माईकपाशी धम्मशीला बसली होती. ती कंडक्टर, पाठीच्या दुखण्यामुळे गाडीवरची ड्यूटी सुटून खिडकीवर आलेली. अख्ख्या स्टँडवर खरी गोष्ट फक्त तिला ठाऊक होती, कारण दोन महिने गाड्या तीच पुकारत होती.

शेखरने चॉकलेटचा डबा सगळ्यांपुढे फिरवला आणि विचारलं, “ताई, तुम्ही काऊन माईकवर? ह्या स्टँडवर दादाचाच आवाज पाह्यजे. लहानपणी मी इथंच बाकड्यावर अभ्यास करत होतो. झोप लागली की दादाच्या आवाजानंच जाग येत जाय.”

“साहेबायचा घसा बसला जरा,” धम्मशीला म्हणाली आणि तिने खाली पाहिलं.

“बसला त उठवू!” शेखरने माईक ओढून घेतला, बटण दाबलं, खाकरला. “प्रवाशांनी लक्ष द्या. लोणारहून सुलतानपूरमार्गे मेहकरला जाणारी बस फलाट क्रमांक दोनवर लागली आहे.”

तो हिंमतरावांचा आवाज होता. शाळकरी वयात शेखर घरी आईला हसवायला ही नक्कल करायचा. आता वयाने त्याचा गळाही भरला होता, त्यामुळे तसूभरही फरक उरला नव्हता. ‘सुलतानपूरमार्गे’वरचा तो छोटा ठेका, ‘दोनवर’शी किंचित उतरणारा सूर, सगळं तेच. बाहेर बाकड्यांवरच्या माणसांनी डोकी वर केली. उसाच्या रसवंतीवाल्याने तिथूनच हाक दिली, “आला का आवाज, साहेब? बरं झालं बाप्पा! स्टँड सुनं वाटत होतं!”

शेखर पोट धरून हसत होता. हिंमतरावांच्या हातातलं पेन थांबलं होतं. धम्मशीला उठली आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेली.

“आता तू, दादा,” शेखरने माईक त्यांच्यापुढे सरकवला. “एकच गाडी. मले मोबाईलवर भरून घेऊ दे. तिकडं पोरायले आयकवतो. त्यायचा काका कसा बोलते ते त्यायले मालूम नाही.”

हिंमतरावांनी माईककडे पाहिलं. मोबाईल समोर धरलेल्या भावाकडे पाहिलं. मग छाती भरून श्वास घेतला. “प्रवाशांनी—” एवढंच निघालं, तेही पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. त्यापुढे नुसती हवा. कपाळाची शीर फुगली. डोळ्यांत पाणी आलं.

“अरे राहू दे, राहू दे!” शेखरने मोबाईल खाली केला. “लयच बसला की! गरम पाणी पेत जा. आन् ह्या धुळीत तोंडाले रुमाल बांधत जा. तिकडं असता त युनियननं भांडून मास्क घेऊन देला असता...” आणि तिथून तो न्यूझीलंडच्या युनियनवर घसरला, मग तिकडच्या पगारावर, मग आणखी कशाकशावर. हिंमतरावांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा शेखरचं वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू झालं होतं.

रात्री छाया म्हणाली, “आज तरी सांगा.” “उद्या,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेखरने गाडी करून सगळ्यांना शेगावला नेलं. त्याच्या पुढच्या दिवशी जुने मास्तर आले. त्याच्याही पुढच्या दिवशी शेखर छायाला नवा कुकर आणायला मेहकरला गेला आणि कुकरसोबत हिंमतरावांसाठी तीन शर्ट घेऊन आला. तिन्ही बंद गळ्याचे. छायाने ते घडी न मोडता कपाटात ठेवले.

जायच्या आदल्या दिवशी पहाटे हिंमतरावांनी स्वतःहून त्याला उठवलं. दोघं सरोवराच्या काठावरल्या धारेवर आंघोळीला गेले. गर्दी नव्हती. गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली शेखर आरडाओरड करत न्हाला, मग दोघं काठावरच्या दगडावर बसले. खाली सरोवर अजून धुरकट होतं आणि मोर ओरडत होते. कधी नव्हे तो शेखर गप्प होता. हिंमतरावांनी शब्द जुळवले.

“शेखर,” ते म्हणाले. “मले तुले एक—”

“दादा, आधी माह्यं आयक.” शेखर पाण्याकडेच पाहत होता. “माय गेली तव्हा तुहा फोन आला ना, लॉकडाऊनमधी... तव्हा मी गायी पिळून राह्यलो होतो. मोबाईलवर तुहं नाव दिसलं आन् तू म्हटलं, ‘शेखर, ऐकतू का?’ बस. त्यानंतर चार महिने मी कामाचा नव्हतो. बायकोनं डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू केल्या. तुले सांगतलं नाही. अजूनही चालू हायत.” तो हसल्यासारखं करून बोलला. “लोकायले वाटते, शेखर लय मजेत हाय. मी गप्प बसलो ना दादा, की मले तेच आयकू येते, ‘शेखर, ऐकतू का.’ म्हणून बोलत राहतो.”

हिंमतराव त्याच्याकडे पाहत राहिले. हा त्यांचा भाऊ त्रेचाळीस वर्षांचा झाला होता. कानावरचे केस पांढरे झाले होते. ओला टॉवेल त्याने लहानपणी घ्यायचा तसाच डोक्यावर घेतला होता.

“पण आता बरा हाय मी,” शेखर म्हणाला. “तू हायस ना. पासपोर्ट काढ. पुढच्या वर्षी तू आन् वहिनी तिकडं. नाही म्हणायचं नाही. बरं, तू काय म्हणून राह्यला होता?”

हिंमतरावांनी गळ्यावरून हात फिरवला.

“काही नाही,” ते म्हणाले. “म्हटलं, डोकं पूस. सर्दी होईल.”

दुसऱ्या दिवशी शेखर गेला. संभाजीनगरला जाणाऱ्या गाडीत त्याची बॅग हिंमतरावांनी स्वतः चढवली. त्याने दादाला मिठी मारली, वहिनीच्या पाया पडला, धम्मशीलाला टाटा केला आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत खिडकीतून अर्धा बाहेर येऊन काही ना काही ओरडतच राहिला. गाडी दिसेनाशी झाल्यावर हिंमतराव केबिनमध्ये गेले. तीस वर्षांच्या वह्या एकावर एक नीट रचल्या आणि किल्ल्यांचा जुडगा धम्मशीलापुढे ठेवला. ती रडायला लागली. बाहेर येऊन त्यांनी रसवंतीवर दोन ग्लास रस मागवला, एक तिच्यासाठी. स्वतःचा तसाच ठेवून निघाले.

त्याच संध्याकाळी ती दोघं नागपूरला गेली.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ थोडी पसरली होती, पण निघाली, असं डॉक्टर म्हणाले. थोडी म्हणजे किती, आणि ती त्या तेरा दिवसांत पसरली का, हे छायाने विचारलं नाही. हिंमतरावांच्या गळ्याला मधोमध छिद्र होतं, नाकात जेवणाची नळी होती आणि उशाशी एक वही नि पेन्सिल. वहीत ते लिहायचे, ‘पंखा’, ‘किती वाजले’, ‘तू झोप’. वही छायानेच आणली होती, पण पहिल्यांदा वाचताना तिला अक्षरंच दिसेनात.

शेखरचे फोन येत होते. पोचलो, थंडी लय हाय, दादाले द्या ना. छाया सांगायची, ड्यूटीवर गेले. सांगायची, झोपले. पाचव्यांदा सांगायला तिच्याकडे काही उरलं नाही. नवव्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मोबाईल वाजला, आणि या वेळी तो व्हिडिओ कॉल होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हिंमतरावांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग हाताने खूण केली, उचल.

ते उठून बसले. छायाने घाईघाईने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायला घेतला. त्यांनी तिचा हात बाजूला केला.

“दादा! सापडला बाप्पा एकडाव!” शेखरचा चेहरा पडदाभर आला. “ड्यूटी हाय का काय हाय! आयक, पासपोर्टचं मी त्या एजंटशी बोल—”

तो थांबला. त्याच्याकडे पाऊस पडत असावा. पत्र्यावर वाजत होता.

“हे काय हाय?” त्याने विचारलं. “वहिनी? दादाले काय झालं?”

छायाने सांगितलं. तीन-चार वाक्यांतच सगळं सांगून झालं. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“समजलं कव्हा होतं?”

“मार्चात.”

“म्हणजे मी तिथं होतो तव्हा...” त्याचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने आवाज आला, तोही लहान पोराचा असावा तसा. “दादा, मले काऊन नाही सांगतलं?”

हिंमतरावांनी वही मांडीवर घेतली. पेन्सिल कागदावर टेकवली आणि तशीच धरून बसले. एक शब्द लिहिला, तो खोडला. पुन्हा काही लिहिलं, तेही खोडलं. मग पान उलटलं, नव्या पानावर दोनच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले आणि वही मोबाईलपुढे धरली.

‘जेवला का?’

शेखर ते दोन शब्द किती तरी वेळ वाचत राहिला.

“हो दादा,” तो म्हणाला. “जेवलो.”

त्यानंतर तो काहीच बोलला नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मोबाईल धरून छायाचा हात भरून आला तेव्हा तिने तो दुसऱ्या हातात घेतला. दोघांपैकी एकानेही फोन बंद केला नव्हता.