मुलींचा माठ

योगिनीने फळ्यावर भागाकार मांडला आणि बाकी लिहायच्या आधीच खडू ठेवून ती दारात आली. परत आत गेली. पुन्हा दारात.

ओटीपोटात सकाळपासून आग पडली होती. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "खडा आहेच, त्यात वर्षभरातलं हे चौथं इन्फेक्शन. भरपूर पाणी प्या, लघवी अडवू नका. किडनीवर बेतेल." सांगायला काय जातं! कळवणहून आठच्या जीपने निघालेली बाई संध्याकाळी सहाला घरी पोचेपर्यंत जाणार कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि लाजेपायी तिनेही सांगितलं नाही. गोळीसुद्धा ती घोटभर पाण्यात उरकायची.

शाळेमागे नवंकोरं स्वच्छतागृह होतं, स्वच्छता अभियानात बांधलेलं. तपासणीची समिती येईपर्यंत ते स्वच्छ राहावं म्हणून मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी त्याला कुलूप घातलं होतं. वर्ष उलटलं, समितीचा पत्ता नव्हता.

सातवीतली ललिता पायावर पाय घट्ट दाबून बसली होती. कपाळावर घाम.

"ललिता, पाणी पिऊन ये."

"नको बाई."

"का गं?"

ललिताने मान खाली घातली. मग एकेक करत सगळ्याच मुलींनी.

योगिनीने व्हरांड्यात पाहिलं. मुलांचा माठ कधीच तळाला गेला होता. मुलींचा काठोकाठ भरलेला. येईल त्या पाहुण्याला सर तो कौतुकाने दाखवायचे, "आमच्या पोरी लय शहाण्या. थेंब वाया घालवत नाय." तिला स्वतःचीच चीड आली. दीड वर्ष ती त्या माठाशेजारून जात होती.

ती तडक ऑफिसात गेली.

"सर, मागची किल्ली द्या."

"मॅडम, समिती कधीबी येईल. एवढं चकचकीत ठेवलंय..."

"सर, मला आत्ता लघवीला जायचंय."

परक्या पुरुषासमोर हे ती जन्मात पहिल्यांदा बोलली. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत खिसा चाचपला.

ती स्वच्छतागृहातून बाहेर आली तेव्हा दारात ललिता उभी होती, हातात हापशावरून भरून आणलेली बादली. तिच्यामागे पाचवीपासूनच्या सगळ्या, एकमेकींकडे न बघता. योगिनीने किल्ली पर्समध्ये टाकली.

शाळा सुटायच्या वेळी सरांनी मुलींच्या माठावरचं झाकण उचललं आणि ते तिथूनच ओरडले,

"एवढं पाणी कोणी सांडलं रे?"